रिकाम्या चौकटींचा भार

प्रस्तावना

बर्कलीच्या टेकडीवर, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, टीम ०.५ नावाचा एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. त्याला जोडलेला एक कॅमेरा सेकंदाला ८७,००० चौकटी टिपतो. चौकट तशी चिमुकली, ५७६ बाय ५७६ पिक्सेलची; आपल्या खिशातल्या फोनचा फोटो तिच्या कितीतरी पट मोठा असतो. पण गुणाकार करून पाहावा. एका चौकटीत ३,३१,७७६ पिक्सेल, प्रत्येकाला दोन बाइट, आणि अशा चौकटी सेकंदाला ८७,०००. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५८ गिगाबाइट. इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका नमुन्यावर एकेका बिंदूपाशी थांबत पुढे सरकते आणि प्रत्येक बिंदूपाशी पलीकडे उमटलेलं विवर्तनचित्र कॅमेरा टिपून घेतो. १,०२४ बाय १,०२४ बिंदूंची अशी एक फेरी बारा सेकंदांत संपते आणि मागे सुमारे ७०० गिगाबाइट ठेवून जाते. घरच्या लॅपटॉपमधली ५१२ गिगाबाइटची डिस्क नवव्या सेकंदालाच भरून गेली असती.

आणि या सातशे गिगाबाइटमधल्या बहुतेक पिक्सेलांवर काहीही पडलेलं नसतं.

हे पुस्तक त्या काहीच न पडलेल्या जागेबद्दल आहे. ती जागा इतकी का लागते, ती साठवण्याचा खर्च का येतो, आणि ती टाकून देताना तिच्याबरोबर आणखी काय जाऊ शकतं, हे मला मराठीत नीट मांडायचं होतं. सूक्ष्मदर्शकावरच्या लेखनात भिंगांचं कौतुक भरपूर असतं. भिंगापलीकडे, चित्र उमटल्यानंतर त्याचं काय होतं, याकडे फारसं कोणी वळत नाही. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली या शास्त्रातली सर्वांत नाजूक कामं त्या पलीकडच्या बाजूलाच झाली आहेत.

थोडं मागे जाऊ. बर्लिनमध्ये १९३१ साली एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्कांना त्याबद्दल नोबेल मिळायला १९८६ साल उजाडलं. मधल्या साऱ्या काळात चित्र टिपण्याचं काम मुख्यतः फोटोच्या फिल्मचं होतं. निर्वात पेटीत फिल्म सरकवायची, मग अंधारी खोली, डेव्हलपर, आणि सुकलेली निगेटिव्ह उजेडाच्या टेबलावर ठेवून भिंगातून पाहायची. हललेली, धूसर, बर्फाने खराब झालेली बाजूला जायची. म्हणजे टाकणं तेव्हाही होतं, पण ते माणसाच्या डोळ्यांदेखत होतं. फिल्म स्वतः मात्र एक गोष्ट गुपचूप टाकत असे, ती म्हणजे वेळ. एक सेकंदभर नमुन्यावर इलेक्ट्रॉन पडत राहिले आणि त्या सेकंदात नमुना जरासा सरकला, तर फिल्मवर उरे ती फक्त त्या सरकण्याची पुसटशी रेघ. कोणता इलेक्ट्रॉन आधी आला आणि कोणता नंतर, हे तिला सांगता येत नसे.

मग सीसीडी कॅमेरे आले. इलेक्ट्रॉन आधी एका चकाकणाऱ्या पडद्यावर आदळे, तिथे निघालेला प्रकाश काचतंतूंमधून चिपपर्यंत जाई. अंधारी खोली सुटली, पण प्रकाश वाटेत पसरत असल्याने बारकावे पुसले जात. हा मधला प्रकाशच काढून टाकायचा आणि इलेक्ट्रॉन थेट सिलिकॉनवर घ्यायचा, या कल्पनेवर केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत रिचर्ड हेंडरसन यांच्या गटाने आणि बर्कलीत पीटर डेनेस यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. २०१२ च्या आसपास असे थेट डिटेक्टर विकत मिळू लागले. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत यिफान चेंग आणि डेव्हिड ज्युलियस यांच्या गटांनी टीआरपीव्ही१ या प्रथिनाची, मिरचीचा तिखटपणा आपल्याला ज्याच्यामुळे भाजण्यासारखा जाणवतो त्या प्रथिनाची, रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. स्फटिक न बनवता, बर्फाच्या पातळ थरात गोठवलेल्या कणांवरून. या अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हेंडरसन त्याच्या तीन मानकऱ्यांपैकी एक, दुसरे दोघे झाक द्युबोशे आणि योआखिम फ्रांक.

या यशात नव्या डिटेक्टरने दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्हींनी डेटाचा पूर आणला. पहिली, वेळ परत मिळाला. एका चित्राऐवजी चित्रफीत मिळू लागली, त्यामुळे शलाकेच्या माऱ्याने नमुना किती सरकला हे चौकट-चौकट जुळवून दुरुस्त करता आलं. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं.

३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन पातळ सिलिकॉनमधून आरपार निघून जातो आणि जाताना आपल्या ऊर्जेचा थोडासा अंश तिथे सोडतो. किती सोडेल याचा भरवसा नाही. एखादा चिमूटभर देऊन जातो, एखादा ओंजळभर. लेव्ह लांदाऊ यांनी १९४४ साली या देण्याघेण्याचं गणित मांडलं. त्यांच्या वक्राला उजवीकडे लांबलचक शेपूट असतं, म्हणजे क्वचित कधी फारच मोठी ओंजळ पडते. सोडलेल्या ऊर्जेची नुसती बेरीज केली तर ही एक ओंजळ शेजारच्या अनेक चिमटींना झाकून टाकते. वास्तविक नमुन्याबद्दलची बातमी दोघांनी सारखीच आणलेली असते: मी इथून आलो. म्हणून ऊर्जा मोजायची नाही, इलेक्ट्रॉनच मोजायचे. प्रत्येकाचं मोल एक.

पण मोजायचं तर ते सुटे सुटे दिसले पाहिजेत. दोन इलेक्ट्रॉन एकाच चौकटीत एकाच जागी पडले तर ते एकच वाटतात आणि एकाची बातमी कायमची हरवते. उपाय एकच, चौकटी इतक्या झपाट्याने घ्यायच्या की प्रत्येकीत थोडेच इलेक्ट्रॉन सापडावेत; शंभर पिक्सेलांत एखादा, शक्यतो त्याहूनही कमी. प्रथिनांच्या बाबतीत तर इलेक्ट्रॉनांची चैन मुळीच परवडत नाही. एका चौरस अँगस्ट्रॉमवर चाळीस-पन्नास इलेक्ट्रॉन पडले की नमुना बिघडलेला असतो, तेव्हा प्रत्येकाची गणती व्हायला हवी.

सगळा पेच इथेच आहे. चौकट जितकी रिकामी, तितकी मोजणी खरी. आणि चौकट रिकामी असो की भरलेली, डिटेक्टर तिचे सगळे पिक्सेल वाचून बाहेर पाठवतोच. के३ हा आज अनेक प्रयोगशाळांत असलेला कॅमेरा घ्या. ५,७६० बाय ४,०९२ पिक्सेल, सेकंदाला १,५०० चौकटी. म्हणजे सेकंदाला ३५ अब्ज पिक्सेल वाचायचे, त्यातले बहुतेक रिकामे आहेत हे कळण्यासाठी.

कोणीही म्हणेल, मग फाइल झिप करा. रिकामी जागा दाबली की दबते. इथे नवख्याची हमखास फसगत होते, कारण डिटेक्टरची रिकामी जागा शून्य नसते. काहीही न पडलेला पिक्सेल ० सांगत नाही. तो १०३ सांगतो, पुढच्या चौकटीत ९६, मग १११. रेडिओवर स्टेशन नसताना जी खरखर ऐकू येते तिचंच हे आकड्यांतलं रूप. आणि खरखर दाबता येत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिलं की कोणताही संदेश तोटा न होऊ देता किती लहान करता येईल याला एक तळ असतो, आणि तो तळ संदेश किती अनपेक्षित आहे यावर ठरतो. खरखरीतला प्रत्येक आकडा अनपेक्षितच. समजा तिचं प्रमाण विचलन ८ एकक आहे. शॅननच्या सूत्राने प्रत्येक पिक्सेलला किमान ५ बिट द्यावेच लागतात. सोळा बिटांचे पाच झाले, म्हणजे जेमतेम तिप्पट बचत. जगातला सर्वांत हुशार प्रोग्राम आणला तरी त्याच्या खाली उतरता येणार नाही.

आता खरखर आधी काढून टाकली आणि प्रत्येक पिक्सेलपाशी फक्त 'पडला' किंवा 'नाही पडला' एवढंच लिहिलं तर? शंभरात एक इलेक्ट्रॉन असेल तेव्हा तोच हिशोब पिक्सेलमागे ०.०८ बिट असं उत्तर देतो. सोळा बिटांच्या मानाने सुमारे दोनशे पट बचत. तिप्पट आणि दोनशे पट यांच्यामधलं अंतर प्रोग्रामच्या हुशारीने आलेलं नाही. ते आलं आहे आपल्याला इलेक्ट्रॉन म्हणजे काय हे ठाऊक असल्यामुळे.

म्हणून या पुस्तकात मी दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. एक पाखडणं, दुसरं दाबणं. सुपात धान्य घेऊन पाखडताना कोंडा उडून जातो. तो परत मिळत नाही, आणि सूप धरणाऱ्याचा हात चुकला तर दाणेही जातात. पोतं दाबून भरताना काहीच जात नाही. पोतं सोडलं की सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. तांत्रिक लेखनात ही दोन्ही कामं एका दमात, एकाच नावाखाली उरकली जातात आणि त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. दाबण्यात चूक झाली तर फक्त डिस्क वाया जाते. पाखडण्यात चूक झाली तर विज्ञान वाया जातं.

पाखडणी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. आधी शलाका बंद ठेवून अंधाऱ्या चौकटी घेतात. प्रत्येक पिक्सेलची रिकाम्या वेळची सवय त्यांतून कळते आणि ती प्रत्येक चौकटीतून वजा केली जाते. मग एक उंबरठा ठरवतात. त्याच्या वर जो पिक्सेल गेला त्यावर इलेक्ट्रॉन पडला असं मानायचं. उंबरठा कुठे ठेवायचा? बर्कलीच्या त्या लहान चौकटीवरच हिशोब करू. खरखर सामान्य वितरणाची मानली आणि उंबरठा प्रमाण विचलनाच्या तिप्पट ठेवला, तर दर चौकटीत साडेचारशेच्या आसपास पिक्सेल निव्वळ खरखरीच्या जोरावर उंबरठा ओलांडतील. चौपट ठेवला तर दहा-अकरा. पाचपट ठेवला तर दहा चौकटींत मिळून एखादाच. मग पाचपटच ठेवावा असं वाटतं, पण लांदाऊंच्या वक्राची डावी बाजू आठवावी. चिमूटभरच ऊर्जा देऊन गेलेले इलेक्ट्रॉन आता उंबरठ्याबाहेर राहतील. वरच्या बाजूलाही एक मर्यादा घालावी लागते, कारण सूक्ष्मदर्शकात भटकणारे क्ष-किरण एखाद्या पिक्सेलला अवाच्या सवा ऊर्जा देतात आणि त्यांची नमुन्याबद्दल काहीच बातमी नसते.

शिवाय इलेक्ट्रॉन एकाच पिक्सेलवर थांबत नाही. त्याचा शिंतोडा शेजारच्या दोन-चार पिक्सेलांवर उडतो. त्या शिंतोड्याचं काय ठेवायचं, या प्रश्नावर सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या एका गटाने २०२१ साली मांडलेली रीत मला सर्वांत स्वच्छ वाटते. त्यांनी तिला रीकोड असं नाव दिलं आणि चार पायऱ्या आखल्या. पहिल्या पायरीवर उंबरठ्यावरच्या प्रत्येक पिक्सेलची जागा आणि त्याचा आकडा, दोन्ही ठेवायचं. दुसरीवर शिंतोड्याची आकृती ठेवायची, पण सगळ्या आकड्यांऐवजी एका शिंतोड्याला एकच आकडा. तिसरीवर आकडे पुरते सोडायचे, फक्त आकृती. चौथीवर आकृतीही सोडायची आणि शिंतोड्यामागे एकच जागा नोंदवायची: इलेक्ट्रॉन इथे पडला. खाली उतरावं तसा भार घटतो आणि मागे फिरायची वाटही बंद होत जाते. चौथ्या पायरीवर उतरल्यानंतर एखाद्याच्या लक्षात आलं की इलेक्ट्रॉनची नेमकी जागा काढायची आणखी चांगली युक्ती आहे, तर ती वापरता येणार नाही, कारण तिला लागणारा शिंतोडाच शिल्लक नसतो. मला ही रीत आवडते ती तिच्या बचतीपेक्षा तिच्या प्रामाणिकपणामुळे. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं.

फाल्कन ४ या डिटेक्टरबरोबर २०२० साली आलेली ईईआर नावाची नोंदपद्धत चौथ्या पायरीच्या जवळची आहे आणि तिच्यातली एक गोष्ट फार सुंदर आहे. ती चौकट साठवतच नाही. ती इलेक्ट्रॉनांची यादी साठवते. आधीच्या इलेक्ट्रॉनपासून किती पिक्सेल सोडून हा आला, यासाठी सात किंवा आठ बिट; अंतर त्यांत मावलं नाही तर आणखी काही. आणि त्या पिक्सेलच्या आत सोळा खणांपैकी कोणत्या खणात, यासाठी चार. बस. आता शॅननचा हिशोब पुन्हा मांडू. शंभर पिक्सेलांत एक इलेक्ट्रॉन असेल तर प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या जागेची किमान किंमत आठ बिटांच्या किंचित वर येते. अभियंत्यांनी ठरवलेला खर्च गणिताने सांगितलेल्या तळाच्या इतक्या जवळ आहे! हा ताळा मी पहिल्यांदा केला तेव्हा वही बाजूला ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो. दुसरा फायदा असा की यादीत काळाचा क्रम शाबूत राहतो. चित्रफितीचे तुकडे किती करायचे हे प्रयोगाच्या दिवशी ठरवावं लागत नाही, वर्षभरानंतरही ठरवता येतं.

रोजच्या कामातला एक साधा नियम इथेच सांगून ठेवतो, कारण त्यावाचून टेराबाइटच्या टेराबाइट फुकट जातात. डिटेक्टरचा प्रत्येक पिक्सेल सारखा संवेदनशील नसतो, म्हणून मोजणीला एका सुधारणा-तक्त्याने गुणायचं असतं. हा गुणाकार साठवण्याआधी केला की ०, १, २ अशा पूर्णांकांची ०.९७३, १.०२८ अशी अपूर्णांकांची रांग होते आणि दाबण्याची सोय संपते. पूर्णांक तसेच ठेवावेत, नेहमीच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीने दाबावेत, आणि तक्ता एकदाच, शेजारी वेगळा ठेवावा. गुणाकार वाचताना करता येतो.

एवढं सगळं वाचून इलेक्ट्रॉन मोजणं हाच एकमेव शहाणपणा असं कोणाला वाटेल, म्हणून कॉर्नेल विद्यापीठाची गोष्ट लगेच सांगायला हवी. तिथल्या डेव्हिड मुलर आणि सोल ग्रुनर यांच्या गटांनी बनवलेल्या एम्पॅड या डिटेक्टरमध्ये केवळ १२८ बाय १२८ पिक्सेल आहेत, आणि वेग पहिल्या आवृत्तीत सेकंदाला जेमतेम १,१०० चौकटी. पण त्याचा एकेक पिक्सेल एका इलेक्ट्रॉनपासून दहा लाखांपर्यंत सगळं अचूक सांगतो. विवर्तनचित्राच्या मधोमध झगझगीत तबकडी आणि कडेला अगदी मंद प्रकाश, अशा वेळी 'पडला की नाही पडला' या प्रश्नाला अर्थच उरत नाही. याच डिटेक्टरने २०१८ साली मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी थरात ०.३९ अँगस्ट्रॉम इतकं बारीक पाहिलं. २५६ बाय २५६ बिंदूंच्या फेरीत त्याचा डेटा सव्वाचार गिगाबाइटच्या आसपास भरतो. म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं सूप वेगळं असतं.

आपल्या फोनमधल्या जेपेगबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात. जेपेग माणसाच्या डोळ्याची सवय ओळखून टाकतं. बारीक, झटपट बदलणारे तपशील डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून आधी त्यांच्यावर कात्री चालते. प्रथिनाची अणुरचना नेमकी त्याच तपशिलांत असते. त्यातही एक सूक्ष्म धोका आहे. अतिशीत सूक्ष्मदर्शनात लाखो कणांची सरासरी काढतात आणि खरखर त्या सरासरीत विरून जाते, कारण ती दर चित्रात निराळी असते. पण जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे तुकडे पाडतं, आणि ते तुकडे दर चित्रात त्याच जागी पडतात. सारखी होणारी चूक सरासरीत विरत नाही. चौकटी जुळवून एकत्र केलेल्या अंतिम चित्रांवर जेपेग निभावून जातं असं काही चाचण्यांत दिसलं आहे, त्यामुळे सरसकट नाही म्हणणं बरोबर होणार नाही. पण मूळ मोजणीवर ते चालवायला मी तयार होणार नाही.

आता ज्यासाठी मी मुळात हे पुस्तक लिहायला घेतलं ती गोष्ट. फिल्मच्या काळात टाकणारा माणूस आणि निष्कर्ष काढणारा माणूस एकच होता. आज पहिली पाखडणी बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या पेटीतच होते. के३ची मोजणी त्याच्या स्वतःच्या प्रक्रियकात होते. संशोधकाच्या डिस्कवर येतो तो मोजून झालेला हिशोब. सेकंदाला ३५ अब्ज पिक्सेल बाहेर आणणं बहुतेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात नसल्याने हे सहसा टाळता येत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरींमधून काय ठेवायचं हे यंत्रंच क्षणार्धात ठरवतात, आणि तिथे जन्मलेले टाइमपिक्स३ डिटेक्टर तर फक्त इलेक्ट्रॉन पडला तेव्हाच बोलतात, चौकटच काढत नाहीत. ही दिशा योग्य आहे. पण उंबरठा किती होता, शिंतोड्याचा मध्य कसा काढला, जवळजवळ पडलेल्या दोघांना एक मानलं की दोन, हे शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात मला फार क्वचित वाचायला मिळतं. भिंगाचा दोष आणि शलाकेचा व्होल्टेज मात्र न चुकता असतो. हा असमतोल मला खुपतो. हिंक्स्टनच्या युरोपीय संस्थेत एम्पायर नावाचं सार्वजनिक संग्रहालय कित्येक पेटाबाइट मूळ चित्रं जगासाठी खुली ठेवतं. तिथून जुना संच उतरवून नव्या रीतीने पाहू जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नेमका कोणत्या पायरीवरचा डेटा येतो, हे त्याला कळायला हवं.

बर्कलीकरांनी यावर काढलेला तोडगा पुस्तकाच्या मध्यावर सविस्तर येईल. तिथे कॅमेऱ्याचा प्रवाह, सेकंदाला ४८० गिगाबिटांपर्यंतचा, त्याच आवारातल्या महासंगणकाकडे वळवला जातो आणि मोजणी तिथे, उघड्यावर असलेल्या आज्ञावलीने होते. उंबरठे कोणालाही वाचता येतात, बदलून पाहता येतात. चौकटीत शेकडा एक इलेक्ट्रॉन धरला आणि प्रत्येकाच्या जागेला चार बाइट दिले तरी सातशे गिगाबाइटचे चौदा होतात. एवढं तर आज पेनड्राइव्हवरही मावतं.

वाचकाला गणिताची धास्ती वाटू नये अशी काळजी घेतली आहे. लॉगॅरिथम येतात, पण आधी उदाहरण आणि मग सूत्र अशा क्रमाने. पहिल्या प्रकरणात सूक्ष्मदर्शक बंदच आहे. शलाका नाही, नमुना नाही, झडप मिटलेली. कॅमेऱ्याने अंधारात काढलेल्या शंभर चौकटी समोर आहेत आणि त्यांतल्या एकाच पिक्सेलचे शंभर आकडे आपण कागदावर एकाखाली एक लिहून काढणार आहोत.